अर्जाचे डोहाळजेवण

ज्या दिवशी कार्यालयाच्या आवारात एका अर्जाचे डोहाळजेवण झाले, त्या दिवशी मी तेथे केवळ बघ्या म्हणून हजर नव्हतो. मला पाटावर बसवण्यात आले होते, माझ्या कपाळी कुंकवाचा टिळा लावण्यात आला होता, आणि रांगेतल्या सगळ्या माणसांसमक्ष मला त्या अर्जाचा बाप म्हणून जाहीर करण्यात आले होते. पन्नाशी ओलांडलेल्या, चार माणसांत मान असलेल्या गृहस्थावर असा प्रसंग यावा याचा मला त्या वेळी इतका धक्का बसला की पाटावरून उठण्याचेही भान राहिले नाही. तो प्रसंग जसा घडला तसा, क्रमाने, येथे नमूद करीत आहे.

मी अर्जलेखक आहे. जुन्या पनवेलमध्ये एका सरकारी कार्यालयाच्या कुंपणाला लागून, बदामाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. अठरा वर्षे मी खांदा कॉलनीतून रोज सकाळी येऊन त्या टेबलावर बसत आलो. माझी शाळा नववीत सुटली, हे मी लपवीत नाही. परंतु पुढचे शिक्षण मी शासनाच्या कागदांवरून घेतले, आणि ‘उपरोक्त’, ‘सबब’, ‘यथोचित’ हे शब्द माझ्या लेखणीतून जितक्या सहजतेने उतरतात तितक्या सहजतेने ते पदवीधरांच्या लेखणीतून उतरत नाहीत. वकिलांचे कारकूनसुद्धा कधी कधी मसुदा माझ्या नजरेखालून घालून नेतात.

माझ्या अर्जाची एक खास ओळख होती. अर्जाच्या शेवटी, अर्जदाराच्या सहीखाली, ‘प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर’ अशी एक ओळ लिहून त्याखाली ज्या अधिकाऱ्यांना प्रती धाडायच्या त्यांची यादी देण्याची पद्धत आहे. इतर अर्जलेखक तेथे दोन किंवा तीन नावे घालतात. मी अकरा घालीत असे. शेजारच्या कार्यालयांपासून थेट मंत्रालयापर्यंत, चढत्या क्रमाने. ती यादी पाहून अर्जदाराची मान ताठ होत असे. ज्या कागदाच्या प्रती अकरा ठिकाणी गेल्या आहेत तो दाबून ठेवण्याची कोणाची छाती होणार, असा माझा सिद्धान्त होता, आणि तो मी नवीन अर्जलेखकांना ऐकवीतही असे.

रस्त्याच्या पलीकडे मासळी बाजाराचा कोपरा आहे. त्या कोपऱ्यावर एक आगरी बाई मासळी घेऊन बसते. वयाने माझ्याच बरोबरीची. उरणच्या बाजूने पहाटे निघणाऱ्या टेम्पोतून पाट्यांसकट येते आणि दुपारी शेवटची बोंबील-कोळंबी विकून परत जाते. मला ती दादूस म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. मी तिला बाई म्हणतो. एका दुपारी पाट्या रिकाम्या करून ती माझ्या टेबलापाशी आली आणि अर्जदारांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली.

“दादूस, एक अर्ज लिव.”

“विषय?”

“कुलूप.”

विषय मला ठाऊक होता. बाजाराच्या मागे बायकांसाठी एक स्वच्छतागृह बांधून तयार होते. निवडणुकीच्या आधी एका स्थानिक पुढाऱ्याने फीत कापून त्याचे उद्घाटन केले, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली, आणि त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागले. नळजोडणी झालेली नाही, हे कारण. पुढाऱ्याचा हात जोडलेला फलक मात्र दारावर तसाच हसत होता.

“मग आजवर आपण काय करीत होता?” मी नियमाप्रमाणे विचारले, कारण अर्जात पूर्वपीठिका द्यावी लागते.

“पानी पीत नाय.”

माझा समज झाला की तिने प्रश्न नीट ऐकला नाही. म्हणून पुन्हा विचारले.

“तेच सांगते ना. पानी पीत नाय. घरून निंगताना चाय पन नाय. दोपारी घरी गेली का मंग पिते. हितल्या सगल्या बायका तशाच.”

“आणि तहान?”

“लागते की. मानूस हाय मी, दगड हाय काय?”

मग तिने पदराखालून दवाखान्याचे कागद काढले. मूत्रपिंडाला सूज. दोनदा भरती. “डाक्टर बोल्ला, दिसभर पानी प्यायचा. आता परत सुजली तर ही किडनी गेली म्हून समज. मी बोल्ली, पानी पिऊन जाव कुठं, तुमच्या दवाखान्यात?” एवढे बोलून ती हसली. मी हसू शकलो नाही.

अठरा वर्षे ती बाई माझ्या डोळ्यांसमोर बसत होती. तिच्याकडून मी शेकडो वेळा मासळी घेतली असेल, भाव पाडून घेतली असेल. आमच्या बाजूला, कार्यालयाच्या मागल्या भिंतीकडे, माणसांच्या जाण्यायेण्याने एक पायवाट पडली आहे. तिच्यावरून मीही दिवसातून तीन-चार वेळा जातो. ती वाट फक्त पुरुषांची आहे, हे त्या दुपारपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्या जाणिवेने मी खरोखर हादरलो, आणि हादरलेला माणूस जे करतो तेच मी केले. आपल्याला जे उत्तम येते ते मी सर्व शक्तीनिशी केले.

मी तीन पानांचा अर्ज लिहिला. महिला विक्रेत्यांची अपरिहार्य कुचंबणा, सार्वजनिक आरोग्यास पोहोचणारी बाधा, लोककल्याणकारी राज्याचे कर्तव्य. बाईने सही केली. तिने सही करण्यापुरती अक्षरे गिरवलेली आहेत. मग मी यादी लिहायला घेतली, तेव्हा ती कागदावर वाकली.

“ही येवढी नावं कुनाची?”

“अकरा कार्यालये. सगळीकडे प्रत जाणार.”

“अकरा जन मिलून एक कुलूप खोलनार?”

तिच्या अज्ञानाचे मला हसू आले. मी तिला धीर दिला, समोरच्या कार्यालयात मूळ अर्ज दाखल केला, आणि शिक्का मारलेली पोचप्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. पोचप्रती मीच सांभाळतो. अर्जदार त्या हरवतात.

त्यानंतरचे महिने मी येथे विस्ताराने देत नाही, कारण त्यांत काही घडले नाही. दर महिन्याला बाई रस्ता ओलांडून येई आणि विचारी, “काय बोलतो आपला अर्ज?” मी सांगे, “कार्यवाही प्रगतिपथावर आहे.” आठव्या महिन्यात तिची जागा पंधरा दिवस रिकामी होती. ती पुन्हा दवाखान्यात भरती झाली होती. तिच्या शेजारी बांगड्या विकणारी एक कोकणी मुसलमान बाई बसते. तिने त्या जागेवर एक पाटी उपडी घालून ठेवली होती, दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून. मासळीवाली परत आली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

“आता डाक्टर बोलतो, ही शेवटची पाली,” ती म्हणाली. “दादूस, अर्ज देऊन कितवा महिना?”

मी बोटांवर मोजून सांगितले. नववा लागला होता.

बांगडीवाली मागेच उभी होती. ती म्हणाली, “या अल्ला, नववा? मग या अर्जबाईचं डोहाळजेवण नको का करायला?”

दोघी खदखदून हसल्या. मी तो बायकांचा विनोद समजलो आणि माझ्या कामाला लागलो. दोन दिवसांनी मासळीवालीने पोचप्रत मागितली. “देवीसमोर ठेवायची हाय,” म्हणाली. श्रद्धेच्या बाबतीत मी कोणाला अडवीत नाही. शिक्क्यावर हळद सांडू देऊ नका, एवढी ताकीद देऊन मी ती तिच्या हवाली केली.

त्यानंतरच्या सोमवारी, साधारण अकरा वाजता, आवारात सर्वांत जास्त गर्दी असते त्या वेळी, फाटकातून बायका आत आल्या. मासळीवाल्या, भाजीवाल्या, फुलवाल्या, बांगडीवाली. सगळ्यांच्या अंगावर हिरवे. हातात ताटे, ताटांत खण, नारळ, तांदूळ. मला वाटले, आत कोणा महिला कर्मचाऱ्याच्या घरचे कार्य असावे. तोवर त्यांनी पोर्चसमोर एक प्लास्टिकची खुर्ची मांडली, तिला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, आणि खुर्चीवर, हिरव्या खणात गुंडाळलेली, मोगऱ्याची वेणी माळलेली, फुलांचा बाजूबंद आणि हिरवा चुडा चढवलेली, माझी पोचप्रत ठेवली.

माझ्या हातातले पेन टेबलावर पडले.

डोहाळजेवण हा थट्टेचा विषय नव्हे. गेल्या वर्षी माझ्या मुलीचे झाले. माझ्या पत्नीने आठ दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतले होते, आणि मुलगी फुलांच्या दागिन्यांत झोपाळ्यावर बसली तेव्हा मी बाल्कनीत जाऊन डोळे पुसले होते. त्याच विधीत, त्याच फुलांत, एक कागद बसवावा, आणि तोही आवक शिक्का असलेला शासकीय कागद! मला त्यात संस्काराचाही अपमान दिसला आणि कागदाचाही. कोणता अपमान मोठा, हे मला ठरवता येईना.

फुलवालीने गाणे धरले. चाल नेहमीचीच, शब्द मात्र घरचे:

“पयला महिना, हिला शाईचे डोहाले,
दुसरा महिना, हिला शिक्क्याचे डोहाले,
तिसऱ्या महिन्यात साहेबांची सही मागते,
बाई गं, टेबलाखाली उपाशी झोपते.”

दाखल्यांची रांग मोडली. जो तो खुर्चीभोवती गोळा झाला. मोबाईल वर आले. एक म्हातारे गृहस्थ, जे पेन्शनच्या कामासाठी पळस्प्याहून वारंवार खेपा घालीत असत आणि ज्यांना मी कधी ओठ हलवताना पाहिले नव्हते, ते पोट धरून हसत होते.

“माहेरचं कोन आलंय हिच्या?” मासळीवालीने मोठ्याने विचारले.

सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवले.

मी उठून निघून जायला हवे होते. परंतु मी सामान आवरीपर्यंत दोघींनी मला दंडाला धरून पाटापर्यंत आणले होते. मी म्हणालो, “बाई, हा शासकीय परिसर आहे.”

“मंग काय झाला? तुजी लेक हितंच नांदते ना?”

हशा. कपाळाला टिळा. मी खाली बसलो. त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते प्रामाणिकपणे सांगतो. कुंपणालगतच्या माझ्या टेबलासाठी कोणताही परवाना नाही. साहेब लोक बसू देतात म्हणून मी बसतो. साहेबांनी खिडकीतून मला या अवस्थेत पाहिले तर उद्या बदामाखाली दुसरा कोणी बसलेला असेल, या भीतीने मी मान वर करू शकत नव्हतो.

इतक्यात आवक टेबलाचा कारकून बाहेर आला. “ए, काय तमाशा लावलाय? परमिशन आहे का?”

बांगडीवाली ताट घेऊन त्याच्या समोर गेली. “अहो भाऊसाहेब, मुबारक दिवस आहे. सासरचा माणूस असा रिकाम्या हाताने येतो होय?”

“कसलं सासर?”

“तुमच्याच घरात दिली ना हिला? नऊ महिने झाले. एकदा तरी विचारलंत, बाई गं, तुला काय खावंसं वाटतं?”

“बगा कशी वालली हाय,” मासळीवाली म्हणाली. “एक सही पन नाय पोटात.”

“आमच्याकडे हजार अर्ज असतात, मावशी,” कारकून म्हणाला. पण त्याच्या तोंडाची कड हलली होती, आणि ते सर्वांनी पाहिले.

“हजार सुना आनल्या आनि एकीलाबी जेवाय घातली नाय? बरा सासर हाय!”

आमच्याकडे डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायकांनी दोन वाट्या कारकुनापुढे धरल्या. तो मागे सरला. रांगेतून कोणीतरी ओरडले, “उचला हो, लाजताय काय!” शेवटी त्याने एक वाटी उचलली. खाली चिठ्ठी होती. त्याने ती वाचली आणि लगेच मुठीत दाबली, पण बांगडीवालीने ती काढून घेऊन सर्वांना दाखवली. तिच्यावर लिहिले होते: ‘फेरसादर करावे’. दुसऱ्या वाटीखाली ‘मंजूर’ होते.

“गेली गं पोर परत माहेरी!” सगळ्या एका सुरात ओरडल्या.

त्या ओरड्याबरोबर साहेब पोर्चमध्ये आले.

तीन-चार महिन्यांपूर्वी बदलून आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. हसणे एकदम थांबले. कारकून अटेन्शनमध्ये उभा राहिला. साहेबांनी खुर्चीकडे पाहिले, वेणीकडे पाहिले, माझ्या टिळ्याकडे पाहिले. मी पाटावर अधिकच लहान झालो.

“काय आहे हे?” ते म्हणाले.

मला वाटले, आता या बायका चिडीचूप होतील, किंवा गयावया करतील. मासळीवालीने दोन्हीपैकी काही केले नाही. तिने पदर कमरेला खोचला आणि अगदी साध्या आवाजात सांगितले, “साहेब, आमी हसाय नाय आलो. बाजारामागचा बायांचा संडास तुमच्या हापिसाच्या ताब्यात हाय. त्याला कुलूप हाय. मी दिसभर पानी पीत नाय. माजी किडनी जानार हाय. नऊ महिने झाले अर्ज देऊन. रडून सांगितला तर कोनी बगत नाय, म्हून गाना म्हटला.”

गाण्याला हसलेले म्हातारे गृहस्थ टोपी काढून हातात धरून उभे होते.

“फाईल आणा,” साहेब म्हणाले.

कारकून आत जाऊन फाईल घेऊन आला. ती दोन्ही हातांनी धरावी लागत होती. गर्दीतून आवाज आला, “अरे, सासरी खाऊन-पिऊन चांगली जाड झाली की!” साहेबांनी तिकडे लक्ष दिले नाही. पोर्चच्या कठड्यावर फाईल ठेवून ते पाने उलटू लागले. उलटता उलटता थांबले. मग यादीतल्या एका कार्यालयाचे पत्र मोठ्याने वाचले.

“‘सदर अर्जाची प्रत पाणीपुरवठा विभागास दिलेली असल्याने त्यांचे स्तरावरून कार्यवाही अपेक्षित आहे. सबब या कार्यालयाकडून प्रकरण दप्तरी दाखल.’”

दप्तरी दाखल म्हणजे कागद फडताळात गेला. मला अर्थ माहीत होता. मी मनातल्या मनात त्या कार्यालयाला दोष दिला. साहेबांनी पुढचे पान वाचले. पाणीपुरवठ्याचे पत्र होते. अर्जाची प्रत आरोग्य विभागास दिली असल्याने त्यांचे स्तरावरून कार्यवाही अपेक्षित. आरोग्य विभागाचे पत्र: अर्जाची प्रत वरिष्ठांस सादर असल्याने त्यांचे निर्देश अपेक्षित. वरिष्ठांचे पत्र: स्थानिक कार्यालयास मूळ अर्ज प्राप्त असल्याने त्यांचे स्तरावर निर्णय घ्यावा. चौथ्या पत्रानंतर साहेबांनी वाचणे थांबवले आणि उरलेली नुसती चाळली. अकरा होती. शेवटी त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाची टिपणी होती, त्यांच्या येण्यापूर्वीची: अकरा कार्यालयांस प्रती गेल्या असल्याने त्यांचे अभिप्राय येईपर्यंत थांबावे.

“ही यादी कोणी घातली?” साहेबांनी विचारले.

मी उभा राहिलो. “मी, साहेब.”

“कशासाठी?”

“दबाव यावा म्हणून.”

“दबाव कुठे आला?” ते म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळेच मला तो अधिक लागला. “प्रत्येकाने यादी पाहिली आणि ठरवलं, दुसरा करील. तुम्ही सगळ्यांची सुटका करून दिलीत.”

अठरा वर्षांत मी लिहिलेले अर्ज एकामागून एक डोळ्यांसमोरून जाऊ लागले. वारस नोंदीचे, रेशनकार्डाचे, अपंग प्रमाणपत्राचे, पेन्शनचे. ज्यांचे काम झाले त्यांचे श्रेय मी घेतले होते. ज्यांचे झाले नाही त्यांना मी म्हणालो होतो, काय करणार, सरकार आहे. त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचा अर्जही माझाच होता, आणि त्याखालीही अकरा नावे होती. ते माझ्याकडे पाहत होते की नाही, हे बघण्याचे मला धैर्य झाले नाही.

मासळीवाली मात्र माझ्याकडे पाहत होती. मला वाटले, आता ती सर्वांदेखत माझी शोभा करील. तिला तो अधिकार होता. ती म्हणाली, “अरं दादूस, अकरा घरी सांगून आलास, पोर तुमच्याकडं जेवाय येनार म्हून. अकराही घरी चूल पेटली नाय.”

बांगडीवाली म्हणाली, “जाऊ दे गं. बापाची माया. जास्तच केली बिचाऱ्याने.”

साहेबांनी फाईल बंद केली. “नवा अर्ज द्या. फक्त या कार्यालयाच्या नावे. एकच मागणी. आत्ताच्या आत्ता.”

कारकुनाने कोरा कागद आणून दिला. मी पुन्हा पाटावर बसलो, कारण बसायला दुसरे काही नव्हते. कागदाखाली ताट धरले आणि लिहू लागलो: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...’ मासळीवालीने कागदावर हात ठेवला. तिच्या बोटांना मासळीचा वास होता.

“खोड ते. मी सांगते तसा लिव.”

मी खोडले. ती सांगू लागली. मी लिहीत गेलो. एका शब्दाशी माझी लेखणी अडली.

“लिव की,” ती म्हणाली. “लघवी. सगल्यांनाच येते. साहेबांना पन येते.”

साहेबांनी बदामाच्या झाडाकडे पाहायला सुरुवात केली. अठरा वर्षांत जो शब्द मी कोणत्याही शासकीय कागदावर लिहिला नव्हता तो मी लिहिला, आणि माझ्या अक्षरात तो कसा दिसतो हे पाहून मला पुन्हा एकदा धक्का बसला. तो इतर कोणत्याही शब्दासारखाच दिसत होता. संपूर्ण अर्ज असा झाला:

‘मी बाजारात सकाळपासून दुपारपर्यंत मासळी विकते. लघवीला जायला जागा नाही म्हणून मी पाणी पीत नाही. माझी किडनी खराब झाली आहे, कागद जोडले आहेत. बाजारामागे तुमचे स्वच्छतागृह आहे, त्याचे कुलूप उघडा. नळ येईपर्यंत पाण्याची टाकी ठेवा.’

खाली सही झाली. माझा हात सवयीने पुढच्या ओळीवर गेला आणि ‘प्रत’ एवढे लिहून थांबला. मी ते खोडले. साहेबांनी तो कागद कठड्यावर ठेवून त्यावर तिथेच शेरा लिहिला: टाकी बसवून स्वच्छतागृह तत्काळ खुले करावे. मग बायकांना म्हणाले, “आता ही खुर्ची उचला.” एवढेच. माझ्या टेबलाविषयी ते त्या दिवशीही काही बोलले नाहीत आणि नंतरही बोलले नाहीत.

बायकांनी खुर्ची उचलली, तांदूळ झाडून घेतले, आणि ओटीचा नारळ कारकुनाच्या हातात दिला. त्याने तो घेतला.

तत्काळ म्हणजे चार दिवस लागले. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा किल्लीवाल्याला बोलावून कुलूप काढले. त्याच संध्याकाळी त्या पुढाऱ्याचा नवा फलक लागला, ‘माझ्या अथक प्रयत्नांना यश’. मी तो वाचून संतापलो आणि मासळीवालीला दाखवला. ती म्हणाली, “राहू दे. फलक हाय, कुलूप नाय.” टाकीत पाणी टँकरने येते. कधी उशिरा येते. नळासाठी वेगळा अर्ज दिला आहे. एकाच पत्त्यावर.

त्या दिवसाच्या चित्रफिती नवीन पनवेलपासून कुठल्या कुठे गेल्या. अजूनही लोक माझ्याकडे येऊन विचारतात, आमच्या अर्जाचे बारसे करता का. मी नकार देतो. सार्वजनिक आवारात धार्मिक विधीची थट्टा करणे मला आजही मान्य नाही, आणि माझे ते मत मी बदललेले नाही. परंतु मी पत्र्याची पेटी उघडून ज्यांच्या पोचप्रती तेथे पडून आहेत त्यांना एकेक करून बोलावतो आहे. पहिले बोलावले ते टोपीवाल्या गृहस्थांना. त्यांचा नवा अर्ज सहा ओळींचा आहे. त्यांनी तो वाचून विचारले, “एवढाच?” मी मान हलवली.

कुलूप निघाल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी टेबलावर बसलो होतो. दहा वाजले असतील. पलीकडे मासळीवाली एका गिऱ्हाईकाशी पापलेटच्या भावावरून भांडत होती. भांडण मिटल्यावर तिने बाजूच्या टपरीवरून पाण्याची बाटली घेतली, झाकण काढले, आणि भर बाजारात, सर्वांसमोर, ती पाणी पिऊ लागली. अर्धी बाटली एका दमात. बांगडीवाली बांगड्या भरता भरता थांबून बघत राहिली. मी बघत राहिलो. असे काही मी त्या रस्त्यावर अठरा वर्षांत पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने ती उठली. “पाटी बगशील काय गं,” असे बांगडीवालीला सांगून बाजाराच्या मागे गेली. मी मान खाली घालून समोरचे कागद सारखे करीत बसलो, कारण तिकडे बघणे मला योग्य वाटले नाही. मान वर केली तेव्हा ती परत आपल्या जागेवर बसलेली होती आणि बाटलीतले उरलेले पाणी पीत होती.